मजकूर झाकला, माणूस नाही

महोदय,

कूटबद्ध (मजकूर सांकेतिक रूपात झाकलेला) ईमेल वापरला म्हणजे आपण कोण हे कोणालाच कळणार नाही, अशी समजूत सुशिक्षितांमध्येही आढळते. सप्टेंबर २०२१ मध्ये उघड झालेले प्रोटॉनमेल या कूटबद्ध ईमेल सेवेचे प्रकरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. फ्रेंच पोलिसांनी युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस-सहकार्य संस्थेमार्फत केलेली विनंती स्विस अधिकाऱ्यांनी मान्य केली आणि त्यांच्या आदेशावरून या स्विस कंपनीला एका हवामान-चळवळीतील कार्यकर्त्याच्या खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीची ओळख सांगणारा क्रमांक, नोंदवून द्यावा लागला. पत्रांतील मजकूर मात्र कंपनीलाच वाचता येत नसल्याने तो देण्याचा प्रश्न आला नाही. पाकीट चिकटवलेले असले तरी ते कोणत्या गावी टपालात पडले हे शिक्क्यावरून कळते, तसाच हा प्रकार. प्रोटॉनमेलमध्ये पाठवणारा, घेणारा आणि वेळच नव्हे, तर पत्राचा विषयही टोकापासून टोकापर्यंत, म्हणजे कंपनीलाही वाचता येणार नाही असा, कूटबद्ध होत नाही. त्यामुळे विषयाच्या रकान्यातच सगळी हकिगत लिहून टाकण्याची आपल्याकडची सवय इथे महागात पडू शकते. आयपी पत्ता लपवायचा तर टॉरसारखे, जोडणी अनेक संगणकांमधून फिरवणारे, वेगळे साधन लागते, आणि खाते उघडताना पर्यायी ईमेल (पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळवण्यासाठीचा) म्हणून आपला रोजचाच पत्ता दिला असेल तर तेही फारसे कामाचे नाही. या प्रकरणानंतर कंपनीने, आपण सहसा आयपी नोंदी ठेवत नाही, हा संकेतस्थळावरील दावा बदलला. तो आधीच नीट लिहायला हवा होता.

– एक वाचक, पुणे