लाच घटली नाही, लाचेची व्याख्या आखडली

माननीय संपादक,

अमेरिकेत भ्रष्टाचार होता तो जुन्या काळात, पुढे कायदे कडक झाले, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. खाणपट्ट्यातल्या गोमंतकीयांनी तरी हे मोंटाना राज्याच्या उदाहरणावर पडताळून पाहावे.

तिथे तांब्याच्या खाणी. केंद्रीय सिनेटच्या सदस्यांना तेव्हा राज्याचे आमदार निवडत, जसे आपल्याकडे राज्यसभा सदस्यांना. १८९९ मध्ये खाणमालक विल्यम क्लार्क यांच्या माणसांनी नोटांची पाकिटे वाटली. एका आमदाराने हजार डॉलरच्या तीस नोटा उघड करून दाखवल्या, तरी क्लार्क निवडून आले. सिनेटच्या समितीने निवड अवैध ठरवली, त्यांनी राजीनामा दिला आणि १९०१ मध्ये पुन्हा सिनेट गाठली. १९०३ मध्ये अमॅल्गमेटेड कॉपर कंपनीने तर स्वतःच खाणबंदी केली. हजारो कामगार घरी बसले. राज्यपालांनी खास अधिवेशन बोलावून कंपनीला हवा तो कायदा करून दिल्यावरच काम सुरू झाले.

लोक चिडले. १९१२ मध्ये मतदारांनी जनमताने कायदा केला : निवडणुकीत कंपन्यांनी पैसा ओतायचा नाही. तो शंभर वर्षे टिकला. कंपन्यांना निवडणुकीत स्वतंत्रपणे खर्चाची मुभा देणाऱ्या २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाचा आधार घेऊन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो पाच विरुद्ध चार मतांनी मोडीत काढला. मला हा सर्वांत मोठा घाव वाटतो, कारण तो कायदा अनुभवातून आला होता.

आता पाकिटाची गरजच नाही. ‘सुपर पॅक’ला, म्हणजे निवडणुकीत स्वतंत्रपणे प्रचारखर्च करणाऱ्या समितीला, कितीही देणगी देता येते, मुख्य अट ही, की खर्च उमेदवाराशी संगनमताने करू नये. नाव लपवायचे असेल तर पैसा आधी ना-नफा संस्थेकडे, तिथून सुपर पॅककडे जातो. नोंदीत फक्त संस्था दिसते. तिथल्या केंद्रीय निवडणूक आयोगात सहा जागा, एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन सदस्य, आणि कारवाईला चार मते लागतात. तीन-तीन मते पडली की तक्रार तिथेच अडते. एका महापौराने तर कंत्राट दिल्यानंतर त्याच कंपनीकडून १३,००० डॉलर घेतले. काम झाल्यावर दिलेली बक्षिशी राज्य व स्थानिक अधिकाऱ्यांना लागू असलेल्या केंद्रीय लाचविरोधी कलमात बसत नाही, असे अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय २०२४ मध्ये म्हणाले.

विषमता याच पैशाच्या वाटेने वाढते. अमेरिकेत १९५० च्या दशकात बहुतेक वर्षे प्राप्तिकराचा कमाल दर ९१ टक्के होता, आज ३७. वरच्या एक टक्क्याकडे देशाची सुमारे ३० टक्के संपत्ती, खालच्या अर्ध्या लोकसंख्येकडे जेमतेम अडीच. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोखे रद्द केले आणि कंपन्यांच्या देणग्यांवरची मर्यादा उठवणारी दुरुस्तीही फेटाळली. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मात्र अजून नाही. गोव्याच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत लावून धरावा.

– एक वाचक, डिचोली