पेन्सिलीने काढलेले चार ठिपके

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

मुलांना लघुग्रह शोधायला शिकवण्यासाठी भर पावसात फोंड्याहून कदंब बसने डिचोलीला आमच्या शाळेत आलात, त्याचे आभार मानायचेच आहेत. पण हे पत्र आठवीतल्या मुलीच्या वहीत तुम्ही पेन्सिलीने काढलेल्या चार ठिपक्यांसाठी आहे.

गोव्यात पावसाचे चार महिने आकाश दिसत नाही. त्याच दिवसांत हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरच्या दुर्बिणीची छायाचित्रं तुम्ही मुलांपुढे ठेवलीत. आकाशाच्या एकाच तुकड्याची चार छायाचित्रं अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या संगणकप्रणालीत आलटून पालटून पाहिली की तारे जागच्या जागी राहतात आणि लघुग्रह सरकतो. मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातला असेल तर तासाला साधारण अर्धी कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). एवढं कुणीही सांगतं. फसगत कुठे होते ते तुम्ही दाखवलंत. दोन छायाचित्रांच्या मध्ये दुर्बीण किंचित सरकलेली असते, त्यामुळे तारे जुळवल्यावर कॅमेऱ्याचा बिघडलेला पिक्सेलही लघुग्रहासारखा चालू लागतो. ताऱ्याच्या ठिपक्याची कड मऊ पसरते, पिक्सेल टोकदार राहतो. सिग्नल-नॉइजचा आकडा, म्हणजे ठिपका आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा किती पट ठळक आहे तो, ५ च्या खाली असला तर मोह सोडायचा. एकाच छायाचित्रात तेज वाढलं तर वाटेत तारा आलाय का, ते बघायचं.

तिचा ठिपका या सगळ्यातून पार झाला. मग तुम्ही ज्ञात लघुग्रह पडद्यावर आणलेत आणि ठिपक्याशेजारी क्रमांक उमटला. आधीच सापडलेला. पोरीचा चेहरा पडला. तुम्ही घाईने पुढे गेला नाहीत. तिची वही ओढून चार ठिपके काढलेत, पट्टी तिच्या हातात दिलीत. रेघ चारही ठिपक्यांतून गेली, अंतरं सारखी भरली. खाली लिहिलंत, "लघुग्रहच आहे. नजर बरोबर." आणि तारीख घातलीत.

तुमच्याआधी आलेल्यांनी पैसे घेऊन 'लघुग्रह शोधक' अशी प्रमाणपत्रं वाटली होती. आणखी पैसे भरा, मुलाचं नाव लघुग्रहाला देऊ, असंही पालकांना सांगून गेले. राग अजून गेलेला नाही. ही नावं विकत मिळत नाहीत, हे तुम्ही पंडित जसराजांच्या लघुग्रहावरून उलगडून दाखवलंत. शोधाच्या वेळचं त्याचं तात्पुरतं नाव २००६ व्हीपी३२: 'व्ही' म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, 'पी' हे 'आय' गाळून पंधरावं अक्षर, ३२ म्हणजे २५ अक्षरांचे ३२ फेरे उलटून गेलेले. ८०० अधिक १५. त्या पंधरवड्यातला ८१५ वा! बेरीज मुलांनीच ओरडून सांगितली. ११ नोव्हेंबर २००६ ला सापडला, नाव मिळालं २०१९ मध्ये. आधी साधारण चार प्रतियुतींना (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हा) पुन्हा पुन्हा दिसून कक्षा पक्की व्हावी लागते, तेव्हा कायमचा क्रमांक. त्यानंतर नाव सुचवायचा हक्क शोधकाला १० वर्षं, आणि नाव रोमन लिपीत जास्तीत जास्त १६ अक्षरांचं, शक्यतो एकाच शब्दात. म्हणून 'पंडितजसराज' जोडून. क्रमांक ३००१२८, दोन-दोन आकडे मागून वाचा, २८-०१-३०, पंडितजींची जन्मतारीख.

खोटं कौतुक करणारे शाळेत पुष्कळ येतात. मुलाला खरं सांगून मग त्याच्याशेजारी बसून राहणारी माणसं कुठे छापून येत नाहीत, पण शाळा त्यांच्यावरच चालतात.

तिने ते पान प्लास्टिकच्या कव्हरात घातलंय. पुढच्या संचातले सात ठिपके तिने स्वतःहून बाद केले, आणि प्रत्येकासमोर कारण लिहिलंय.

आपली कृतज्ञ,
डिचोलीतल्या एका मराठी शाळेची विज्ञान शिक्षिका