किसोच्या खोऱ्यातली जुनी वाट

प्रिय नीतू,

फोनवर तू विचारलंस ना, जपानमध्ये सगळ्यात जास्त काय आवडलं, तेव्हा घरात इतकी गडबड होती की धड काही सांगताच आलं नाही, म्हणून आता निवांत लिहितेय. टोकियो मस्तच आहे, क्योतोची देवळं पण सुंदर, पण गर्दी इतकी की बघून होतं आणि मन भरत नाही. मन भरलं ते मध्य जपानच्या डोंगरातल्या किसोच्या खोऱ्यात, मागोमे ते त्सुमागो चालत गेलो तेव्हा.

नागोयाहून ट्रेनने नाकात्सुगावा आणि तिथून बसने मागोमे. ही वाट म्हणजे नाकासेंदो, एदो म्हणजे आताचं टोकियो, तिथून डोंगराडोंगरातून क्योतोला जाणारा जुना रस्ता. त्यावर मुक्कामाची ६९ गावं होती, त्यातलं त्सुमागो ४२वं आणि मागोमे ४३वं. दोघांमध्ये साधारण ८ किलोमीटर, मध्ये एक खिंड, रमतगमत तीन तास. तुझे गुडघे बघता मागोमेकडूनच सुरुवात कर हं, चढ कमी लागतो. आणि सीझनमध्ये थोडे पैसे भरले की टूरिस्ट ऑफिसवाले बॅगा पुढच्या गावी पोचवतात, आपण मोकळ्या हाताने चालायचं.

खिंड ओलांडली की जंगल सुरू. सुगी आणि हिनोकीची सरळसोट झाडं, खाली ओलसर दगडी फरसबंदी, मध्येच ओढा, आणि वाटेत ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या, अस्वलं लांब राहावीत म्हणून जोरात वाजवायच्या. मी एकही सोडली नाही! एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, इथे हिनोकीचं एक झाड तोडलं तर डोकं उडवायचे म्हणे, इतका कडक पहारा. इसेचं प्रसिद्ध शिंतो देऊळ दर २० वर्षांनी नव्याने बांधतात ना, त्याला लाकूड इथल्या डोंगरातलं जातं, आता पुढची पाळी २०३३ला. म्हणजे झाडं जपायची ती पुढच्या कितीतरी पिढ्यांच्या देवळासाठी, हे मला फार फार आवडलं गं.

वाटेत एक जुनं चहाघर लागतं. आत अंधार, मधोमध चूल, वर आढ्याला टांगलेली काळी किटली, धुराने काळे झालेले वासे. तिथले आजोबा येईल त्याला चहा देतात, पैसे मागत नाहीत, वाटलं तर डब्यात टाका. भाषा येत नाही तरी दोघं हसत बसलो, दुसरा कप त्यांनी न विचारताच भरला.

आणि त्सुमागो! रेल्वे आली, रस्ता ओस पडला, माणसं गाव सोडून जायला लागली होती. मग १९६८पासून गावकऱ्यांनीच जुनी घरं दुरुस्त करायला घेतली आणि ठरवलं, घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. विजेच्या तारा नजरेआड केल्या, दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्या बंद, आपल्या माथेरानसारखं. पैसेवाला कुणी येऊन हॉटेल ठोकू शकला नाही म्हणून गाव टिकलं असं मला अगदी मनापासून वाटतं.

खाण्यात गोहेइमोची सोडू नकोस. भात कुटून त्याचे गोळे काडीवर लावतात, वर अक्रोड आणि मिसोची (आंबवलेल्या सोयाबीनची) चटणी चोपडून निखाऱ्यावर भाजतात, कडा करपल्या की काय वास सुटतो! तू शाकाहारी, तर मिन्शुकूत, म्हणजे तिथल्या घरगुती लॉजमध्ये, बुकिंग करतानाच सांग, कारण सूपमध्ये दाशी म्हणजे उकळून काढलेला अर्क असतो आणि तो बहुतेकदा माशाचा. जेवणाआधी ओफुरो, म्हणजे गरम पाण्याच्या टबातली अंघोळ, टबाबाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच त्या कढत पाण्यात गळ्यापर्यंत बुडायचं. पायांचा शीण कुठच्या कुठे पळतो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पानं लाल होतात तेव्हा जा, पण खोली खूप आधी धर, घरं मोजकीच आहेत. मी तर परत यायला एका पायावर तयार आहे. सुट्टीचं ऑफिसात विचार आणि लगेच कळव, तिकिटं मी बघते.

तुझीच,
वैजू