उसनवारीचं पान

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

गेले पंधरा दिवस संस्थेची जुनी कॅशबुकं आणि ताळेबंद घेऊन बसले आहे. बाबांचं अक्षर लागतं. आईच्या खाडाखोडीपुढे मात्र हात टेकले.

अडले ते ‘उसनवार’ खात्यापाशी. जवळजवळ दरवर्षी बाबांच्या नावावर रक्कम जमा, आणि अनुदानाचा हप्ता आला की परत. मला वाटायचं, तेव्हा संस्था तोट्यात असणार. पण त्याच वर्षांचे ताळेबंद शिलकीचे आहेत! मग उमगलं. बँकेतला पैसा प्रकल्पाला बांधलेला होता, त्यातून विजेचं बिल भरायची मुभा नव्हती. त्यात बरीच अनुदानं अशी, की आधी काम, मग हिशेब, हप्ता सर्वांत शेवटी. मधले महिने बाबांच्या खिशातून गेले.

दुसरी गोष्ट आईची. वीस वर्षांत तिच्या मानधनाची एकही नोंद नाही. अहवालात आपण अभिमानाने छापायचो, ‘प्रशासकीय खर्च नगण्य’. नगण्य कसला, आई फुकट राबत होती! २००९ साली स्टॅनफर्डच्या एका नियतकालिकात या प्रकाराला उपासमारीचं चक्र म्हटलं होतं. देणगीदाराला खर्च कमी हवा असतो, म्हणून संस्था तो कमी दाखवते, मग तेवढ्यातच भागतं असं देणगीदार धरून चालतो. वाचताना आपलंच घर दिसलं.

आता आईच्या कामाला पगारी माणूस नेमतेय. यंदा प्रशासकीय खर्चाचा आकडा एकदम फुगेल, दचकू नका. खर्च तोच आहे, फक्त पहिल्यांदा वहीत येतोय. मोकळी गंगाजळी, म्हणजे कुठल्याच प्रकल्पाला न बांधलेली शिल्लक, पाच आठवड्यांच्या खर्चापुरती आहे, निदान तीन महिन्यांची असावी म्हणतात. आणि निम्म्याहून जास्त पैसा एकाच देणगीदाराचा, याची मला खरी धास्ती आहे. त्यावर भेटीत बोलू.

एक काम आहे. उसनवारीतल्या तीन रकमा बाबांना परत गेलेल्याच नाहीत. त्या परत करायच्या की देणगी म्हणून वळत्या करायच्या, हे ऑडिटरला लेखी हवंय. आई फोनवर म्हणेल, ‘जाऊ दे गं.’ तेच कागदावर लिहा आणि खाली बाबांची सही घ्या.

तुमची,
ताई