गवताला शिव्या देण्याआधी पाणी कुठलं ते विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत वाळवंटातल्या गोल्फ कोर्सवरचा लेख वाचला. लेखकाने सरसकट "श्रीमंतांची चैन, बंद करा" असं लिहून टाकलंय. राग कळतो हो, लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं ते आपण कुणी विसरलेलो नाही, त्यामुळे वाळूत कारंजी उडताना दिसली की डोकं फिरतंच. पण मी दुबईकडे एका कोर्सच्या इरिगेशनवर बरीच वर्षं काम केलंय, आणि लेखात नेमका तोच भाग राहून गेलाय म्हणून हे पत्र.

आधी हिशोब बघा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे आपल्या ठिबकवाल्या शेतकऱ्यालाही तोंडपाठ असतं. 90 एकर हिरवळ म्हणजे साधारण 3 लाख 64 हजार चौरस मीटर, भर उन्हाळ्यात गवताला दिवसाला 8 मिलिमीटर धरा, झाले रोजचे 29 लाख लिटर. वर पाण्यातले क्षार मुळाशी साठू नयेत म्हणून अधूनमधून जास्तीचं पाणी सोडून ते खाली धुऊन काढावे लागतात, निचरा नसेल तर जमीन खारपडच. आणि हे सगळं पाणी रात्री द्यायचं, दिवसा दिलं तर बरंचसं हवेतच जातं. शमाल, म्हणजे तिकडचा वायव्येकडून येणारा धुळीचा वारा, सुटला की सकाळी स्प्रिंकलरची तोंडं वाळूखाली गेलेली असतात, ती एकेक शोधून मोकळी करायची, नाहीतर तिसऱ्या दिवशी तिथे गोल पिवळा डाग दिसतो आणि मग साहेबाचा फोन.

म्हणजे पाणी लागतं आणि भरपूर लागतं, ते नाकारतच नाही मी. माझं म्हणणं एवढंच की किती एकर भिजवायचे आणि पाणी कुठून आणायचं हे दोन निर्णय कोर्सचं ड्रॉइंग काढतानाच होतात. एकदा पाइप गाडले की नंतर मॅनेजरने कितीही काटकसर केली तरी फरक थोडाच पडतो, त्यामुळे बोंब मारायची तर ड्रॉइंगच्या वेळी मारा.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याचं उदाहरण घ्या. तिथे भूजलाचा कायदा 1980 साली आला, आणि त्याखालच्या नियमांनी फीनिक्स-टुसॉन भागातल्या नव्या 18 होलच्या, म्हणजे पूर्ण आकाराच्या, कोर्सला साधारण 90 एकर हिरवळीचं बंधन घातलं. मग डिझायनर लोकांनी काय केलं, तर टी (जिथून पहिला फटका मारतात) आणि ग्रीन (जिथे बॉल घालायचं भोक असतं) यांच्या आसपास आणि मधे बॉल पडेल तिथेच गवत ठेवलं, बाकी निवडुंग, दगड, वाळू जशीच्या तशी. एका हिरव्या तुकड्यावरून पुढच्या हिरव्या तुकड्यावर मारायचं, बॉल चुकला की काट्यात. टार्गेट गोल्फ म्हणतात त्याला. खेळणाऱ्यांनी नावं ठेवली असतील पण खेळले, आणि आता फीनिक्सशेजारच्या स्कॉट्सडेलची ओळखच ती झालीये.

दुबईत पहिला गवताचा कोर्स आला 1988 साली, एमिरेट्स गोल्फ क्लब. त्याआधी लोक वाळूतच खेळायचे, दुबई कंट्री क्लबचा वाळूचा कोर्स 1971 सालचा. ग्रीनऐवजी 'ब्राउन' असायचं, म्हणजे तेल घालून दाबलेली वाळू, आणि खेळाडू स्वतःबरोबर नकली गवताचा छोटा तुकडा घेऊन फिरायचा, बॉल त्यावर ठेवून मारायचा. गवताला एक थेंब पाणी नाही! आता ते कुणाला चालणार नाही हे कळतं मला, पण गोल्फ म्हणजे कुंपणापासून कुंपणापर्यंत हिरवंगार हे टीव्हीने शिकवलंय.

"सांडपाणी शुद्ध करून वापरा म्हणजे झालं" असं लेखात शेवटी आलंय. आखातात ते बरंच खरं आहे, पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोड करून येतं, त्याला वीज-गॅस जाळावा लागतो, मग तेच पाणी घरात वापरून झाल्यावर शुद्ध करून गवताला दिलं तर उत्तमच. पण लास व्हेगासमध्ये हे गणित उलटं पडतं. तिथे घरातलं सांडपाणी शुद्ध होऊन परत लेक मीडमध्ये, म्हणजे शहराला पाणी देणाऱ्या धरणाच्या जलाशयात, जातं आणि शहराला तेवढं पाणी पुन्हा उचलता येतं, ते गवतावर मारलं की कायमचं गेलं. म्हणून तिथल्या वॉटर अथॉरिटीने सरळ कोर्सचं रेशनच कमी केलं, भिजवलेल्या एकराला वर्षाला 6.3 फूट उंचीच्या पाण्याऐवजी 2024 पासून 4 फूट. आता बसा गवत काढत.

आणि लेखकाला खरा गुन्हेगार पकडायचा असेल तर तो गवत नाहीये, व्हिला आहेत. कित्येक कोर्स गोल्फसाठी नसतातच, 'गोल्फ व्ह्यू' घरं विकायला असतात, आणि मग घराच्या गच्चीतून पाणी दिसावं म्हणून तळी येतात. उघड्या तळ्यातून उन्हाळ्यात किती पाणी उडून जातं त्याची नोंद ब्रोशरमध्ये नसते. टायगर वूड्सच्या नावाचा दुबईतला कोर्स 2006 साली वाजतगाजत जाहीर झाला, सोबत अर्थातच महागडी घरं, मंदी आली आणि काम थांबलं ते थांबलंच.

एक गंमत सांगतो. तिथे लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपल्या हरळीचंच संकरित भावंड, ज्या हरळीच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो आणि जी शेतातून खणता खणता कंबर मोडते. आणि यूएईचा राष्ट्रीय वृक्ष गाफ म्हणजे आपली शमी! मुळं इतकी खोल की रुजल्यावर वरून पाणी घालावं लागत नाही. अलीकडे खारं पाणी जास्त सोसतं म्हणून पास्पलम गवतही बरंच लावतात, पण कडेला शोभेच्या पामांऐवजी शमी लावा म्हटलं तर आर्किटेक्टला ती पुरेशी 'लश', म्हणजे हिरवीगार, वाटत नाही. काय बोलणार.

आता सौदीतही नवे कोर्स येतायत, रियाधजवळच्या किद्दियामध्ये जुना गोल्फपटू जॅक निकलसच्या डिझाइनचा जाहीर झालाय. आपल्याकडची कृषी पदविका झालेली, ठिबकचं काम येणारी पोरं अशा ठिकाणी जातात आणि चांगली टिकतात, त्यामुळे या विषयावर पुन्हा छापाल तर मैदानावर काम करणाऱ्या एखाद्याशी जरूर बोला. जाणाऱ्यांना एकच सांगणं, पगाराबरोबर पंपहाउसमध्ये पाणी कुठून येतं आणि त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) किती तेही इंटरव्ह्यूत विचारा. नुसत्या बोअरवेलवर चाललेला कोर्स असेल तर पाणी दरवर्षी जास्त खारं होत जाण्याची शक्यता असते, आणि गवत मेलं की बोलणी तुम्हालाच बसतात.

आपला,
एक वाचक
(मूळ बार्शी, सध्या शारजा)