घर रिकामं करायच्या तारखेआधी एक पावसाळा द्या

संपादक महोदय, स.न.

नौपाड्यातली आमची तीन मजली इमारत रिडेव्हलपमेंटला चाललीय आणि आम्ही तळमजलेवाले, म्हणजे मागची परसबाग आमच्याच राखणीत. आधीच सांगते, माझा रिडेव्हलपमेंटला विरोध बिलकुल नाही, स्लॅब गळतोय, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नाही, लिफ्ट हवीच. पण दीड-दोन वर्षं मीटिंगा झाल्या, कार्पेट एरिया, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळायची एकरकमी रक्कम, भाडं, शिफ्टिंगचे पैसे, पार्किंग कोणाला किती यावर घसे बसेपर्यंत भांडणं झाली, आणि ॲग्रीमेंटच्या त्या जाडजूड बाडात बागेबद्दल एक ओळ नाही. मी विषय काढला तर म्हणे पोडियमवर लँडस्केप गार्डन मिळणारे की. पाहिलं मी चित्र. चार पाम आणि हिरवळ. पार्किंगच्या छतावर माती ती किती असणार, त्यात सोनचाफा वाढणार आहे का?

आमचा सोनचाफा सासऱ्यांनी लावलेला. हल्ली त्याच्या खोडावर महापालिकेची नोटीस चिकटवलीय, पावसाने अर्धी धुतली गेली, "हरकती" एवढा शब्द तेवढा वाचता येतो. तुमच्या पेपरातही अशा नोटिसा येतात, आपण सगळे पान उलटतो. 1975 चा झाडांचा कायदा आहे, 2021 ला त्यात बदल झाला, पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरायचं आणि एरवीचं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असं ठरलं. छान आहे. आमच्या चाफ्याची पन्नाशी थोडक्यात हुकली! आता त्याच्या बदल्यात कुठेतरी रोपं लागतील म्हणे, पण अनंत, जास्वंद, अळू, गवती चहा, ओवा हे तर कोणाच्याच हिशोबात नाही, आणि खरी बाग तीच असते.

कढीपत्त्याचंच बघा. काळी फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात, अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याची शिट पडल्यासारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आमच्या नातीला ती शोधायचा नादच लागलाय, शाळेतून आली की दप्तर टाकून आधी पानं उलटी करून बघणार मग जेवण. जास्वंदीवर शिंजीर पक्षी येतो. भाड्याचं घर घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर घेतलंय, तिथल्या सोसायटीचा नियम असा की ग्रिलवर कुंडी ठेवायची नाही, त्यामुळे न्यायचं म्हटलं तरी काय काय नेणार.

तरी जमेल ते करतेय. लिंबाला आणि अनंताला गुटी बांधल्यात, पेन्सिलीएवढी फांदी बघून इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात, प्लॅस्टिकमधून पांढरी पांढरी दिसायला लागली की फांदी खालून कापून पिशवीत लावायची. पारिजातकाच्या चपट्या बिया गोळा करून पाकिटात भरल्या, अळूचे कंद शेजारणीच्या माहेरी बदलापूरला पाठवले. पण आम्हाला जागा सोडायची नोटीस आलीय ती गुटीला मुळं फुटायच्या आतली! मोठं झाड हलवायचं तर आणखीच आधीपासून तयारी लागते, काही महिने टप्प्याटप्प्याने भोवती चर खणून मुळं छाटत जायची म्हणजे जवळ बारीक मुळं फुटतात आणि झाड नव्या जागी तग धरतं, जेसीबी लावून एका दुपारी उपटलेलं झाड जगत नाही, ते नुसतं फोटोपुरतं उभं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ठाण्यात आता गल्लोगल्ली इमारती पडतायत, तर कमिट्यांनी ॲग्रीमेंट करतानाच घर सोडायची तारीख पावसाळ्यानंतरची घ्यावी. बिल्डरची कागदपत्रं तशीही महिनोन्महिने अडकतातच, तेव्हा कोणी घाई करत नाही. आणि पालिकेने नोटीस चिकटवतानाच आजूबाजूच्या लोकांना कलमं, फुटवे, बिया न्यायला एक-दोन रविवार ठरवून द्यावेत, पालिकेच्या नर्सरीनेही त्यातलं थोडं घ्यावं. याला खर्च काय येतो? गेटवर एक कागद लावायचा.

आमच्यापुरतं मी ते सुरूच केलंय. कढीपत्त्याला बुडाशी बरेच फुटवे आलेत, गवती चहाचा गड्डाही मोठा झालाय, येत्या दोन्ही रविवारी सकाळी ज्यांना हवं त्यांनी येऊन न्यावं. आमच्या गल्लीत चाफावाली बिल्डिंग विचारलं तरी कोणीही दाखवेल. फक्त पिशवी आणि खुरपं आपापलं आणा, माझं खुरपं ऑलरेडी पॅक झालंय.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे