चंद्री आणि उत्तरेकडचे गवे

एडमंटन, कॅनडा, जानेवारी

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "रानातली जनावरं विमानात घालून कशाला न्यायची? हाईत तिथं राहू देत की." तेवढ्यात रेंज गेली. मागून आईचा आवाज येत होता, एवढी शिकून परदेशात गेली आणि अजून गुरांचंच रक्त तपासत बसलीय. दोघांना उत्तर एकच आहे, पण ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र.

आई, आपली चंद्री म्हैस आठवते? मी आठवीत होते. सातव्या महिन्यात ती गाभडली. तू वार हातानंच उचलून परड्यात पुरलीस. वर्षभरात शेजारच्या दोन म्हशींचं तसंच झालं. नजर लागली म्हणून तू चंद्रीच्या गळ्यात काळा दोरा बांधलास आणि शेवटी तिला बाजार दाखवावा लागला. सांसर्गिक गर्भपात हा शब्द मला कॉलेजात गेल्यावर कळला. त्या रोगाचे जंतू, ब्रुसेला, मी आज रोज रक्तात शोधते. तोच रोग आणि गुरांचा क्षय, या दोघांनी इथल्या एका रानटी जातीची वाट शंभर वर्षं अडवून धरली आहे.

ती जात म्हणजे वुड बायसन. बाबा, दाजीपूरच्या सड्यावर तुम्ही मला पहिल्यांदा गवा दाखवलात, काळा तुकतुकीत, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. हा त्याचा लांबचा भाऊबंद. पण याचं डोकं, मान, खांदे सगळे लोकरीत बुडालेले, आणि खांद्यावर उंच वशिंड. त्या वशिंडात चरबी नसते. पाठीच्या मणक्यांवर हातभर उंच हाडं असतात आणि त्यांना धरून जाड स्नायू. त्यांच्या जोरावर तो डोकं फावड्यासारखं डावी-उजवीकडे फिरवत बर्फ बाजूला सारतो आणि खालचं वाळलेलं गवत, लव्हाळं खातो. उणे तीस अंशांत, निवांत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाडीत बसून तासभर हलले नाही.

शिकारीमुळे १९०० च्या सुमारास हे फक्त अडीचशे-तीनशे उरले होते, अल्बर्टाच्या उत्तर टोकाच्या जंगलात. त्यांच्यासाठी १९२२ मध्ये वुड बफेलो नावाचं राष्ट्रीय उद्यान झालं. इथवर सगळं चांगलं. पण दक्षिणेत वेनराइटला कुंपणात पाळलेले मैदानी बायसन, म्हणजे याच्याच जवळच्या भावकीतले, फार वाढले होते. दाटी झाली, त्यांच्यात रोगही होते, गावठी गुरांकडून आलेले. मग १९२५ ते १९२८ या काळात त्यातले साडेसहा हजारांहून जास्त उत्तरेला याच उद्यानात आणून सोडले. तज्ज्ञांनी तेव्हाच विरोध केला होता, कुणी ऐकलं नाही. संकर झाला आणि क्षय व ब्रुसेला कायमचे मुक्कामाला आले. आजही तिथल्या कळपांत ते आहेत. मला हे वाचताना दरवेळी राग येतो. जनावर कमी नव्हतं, जागाही कमी नव्हती, फक्त आधी तपासायचं धैर्य नव्हतं.

शुद्ध वुड बायसन संपले असंच सगळे धरून चालले होते. १९५७ मध्ये उद्यानाच्या एका दुर्गम कोपऱ्यात, न्यारलिंग नदीकडे, वेगळा राहिलेला कळप सापडला. त्यातले काही १९६५ मध्ये आमच्या एडमंटनजवळच्या एल्क आयलंड उद्यानात आणले. पण रोग त्यांच्यातही निघाला. तेव्हा वासरं जन्मताच आयांपासून वेगळी करून माणसांनी हातावर वाढवली, म्हणून आजचा कळप निरोगी आहे. आई, तू विनीच्या रेडकाला बाटलीनं दूध पाजायचीस, तसं. उद्यानातून सोळा नंबरचा महामार्ग जातो. त्याच्या दक्षिणेला हे, उत्तरेला मैदानी बायसन. मिसळू देत नाहीत.

आता बाबा, तुमचा प्रश्न. जनावरं "तिथं" राहू द्यायची म्हटलं तर तो तिथला कळप एका साथीत, एका आगीत जाऊ शकतो. म्हणून निरोगी कळपातून थोडे काढून लांब, वेगळ्या मुलखात दुसरं बिऱ्हाड करून द्यायचं. आपल्याकडे बांधवगडातून गवा नाहीसा झाला होता, तेव्हा २०११-१२ मध्ये कान्ह्याहून ५० गवे नेले, तसंच हे. एल्क आयलंडमधून २००६ मध्ये ३० कोवळी जनावरं रशियात याकुतियाला विमानानं गेली. २००८ मध्ये ५३ अलास्कात गेली. तिथं सात वर्षं कुंपणात वाढवून २०१५ च्या वसंतात सुमारे शंभर माद्या आणि पिल्लं मोठ्या मालवाहू विमानानं शागेलुक नावाच्या लहानशा गावी उतरवली. मोठे नर नंतर नदीतून तराफ्यावरून. गोठलेली इनोको नदी ओलांडून, पुढं स्नोमोबाईलवरून, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवरून, चारा टाकत टाकत, त्यांना लव्हाळ्याच्या कुरणापर्यंत नेलं. अलास्कात शंभराहून जास्त वर्षं रानात वुड बायसनचं वासरू जन्मलं नव्हतं. ते त्याच वसंतात जन्मलं. तिथल्या अथाबास्कन आदिवासींच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींत मात्र हे जनावर तोवर जिवंत होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. काही हिवाळे वाईट गेले. बर्फावर पाऊस पडून वर काचेसारखा थर धरला की वशिंडाचा जोरही चालत नाही. बरेच मेले. मी खूप दिवस विचार केला, की कुंपणात ठेवले असते तर वाचले असते. पण कुंपणातल्या जनावराला हिवाळा ओळखायची गरजच राहत नाही, आणि पुढच्या पिढीला शिकवणारं कुणी उरत नाही. सोडलं तेच बरोबर होतं, असं मला आज वाटतं.

बाबा, डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला त्या दिवशी तुम्ही दोनदा फोन केला होता. गर्दी मागं लागली, तो धावून धावून थकला आणि गेला. तुम्ही म्हणालात, "भ्यानंच मेला गं." इथं एल्क आयलंडला जनावरं तपासणीसाठी गोळा करतात तेव्हा माणसं ओरडत नाहीत, हाणत नाहीत. मी तिथं उभी असताना मला तुमचं तेच वाक्य ऐकू येत होतं.

आई, माझ्यापुढं येणाऱ्या नळीत कधी रानातल्या बायसनचं रक्त असतं, कधी एखाद्या शेतकऱ्याच्या गाईचं. दोन्हीत शोधायचं एकच. तेव्हा चंद्रीचं रक्त कुणी घेतलं असतं तर शेजारच्या दोन म्हशी वाचल्या असत्या. त्याच वर्षी बाबांना महिनाभर संध्याकाळी ताप भरायचा, सांधे धरायचे. घरी म्हैस गाभडली का, एवढं डॉक्टरांनी विचारलं नाही. तो ताप त्यातलाच होता का, ते आता सांगता येणार नाही.

म्हणून एक काम करा. रेडी आता पाच महिन्यांची झाली असेल. ब्रुसेलाची लस माद्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयातच देतात आणि आयुष्यात एकदाच. बाबा, या आठवड्यात सरकारी दवाखान्यात जाऊन टोचून घ्या, पुढं ढकलू नका. आणि आई, म्हैस व्याली की वार उचलताना हातात मोजे घालत जा. दोन डझन पाठवलेत, कपाटात जपून ठेवू नकोस.

तुमची,
माई